ऑफिसच्या जुन्या टॉवरमध्ये सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड: पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, तर आधी काय तपासायचं?

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला कोल्हापुरातून सेकंडहँड एन्व्हिडिया आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं कार्ड घेतलं. पीसी म्हणजे एका ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर: सहाव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, २४० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पीसीला वीज देणारा डबा) आणि जुना व्हीजीए मॉनिटर. एसएमपीएसला कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर नव्हता, म्हणून साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरवरून अॅडॉप्टर घेऊन जोडला. पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. विकणाऱ्याने सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी दिली आहे, त्यातले दोन संपले. कार्ड खराब आहे का? आणि चांगलं असेल तर खात्री कशी करायची?

बाकीचं वाचण्याआधी तो साटा अॅडॉप्टर काढून ठेवा आणि पुन्हा लावू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. म्हणजे सगळे मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॅट. आठ पिनांचा पीसीआय एक्सप्रेस कनेक्टर १५० वॅटसाठी बनलेला असतो. आरटीएक्स ३०६० पूर्ण भारावर १७० वॅट घेतं. त्यातले जास्तीत जास्त ७५ स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड खोचतात त्या खाचेतून, मिळतात आणि बहुतेक कार्डं स्लॉटवर तेवढा भार टाकतच नाहीत, म्हणजे शंभराच्या वर वॅट त्या साटाच्या वायरमधून ओढले जाणार. डेस्कटॉपवर काही कळत नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून तुम्ही जेवायला जाता तेव्हा कनेक्टरचं प्लास्टिक मऊ पडतं. दोन साटा जोडणारा अॅडॉप्टर मिळतो, पण ती दोन्ही टोकं बहुतेक वेळा एसएमपीएसच्या एकाच वायरवर असतात, तेव्हा त्यानेही फरक पडत नाही.

आता मूळ अडचण. तुम्ही एक प्रश्न विचारला आहे, पण त्यात दोन गुंतलेले आहेत: कार्ड धडधाकट आहे का, आणि हा पीसी ते चालवू शकतो का. तुमच्या आजच्या जोडणीत वीज संशयास्पद, डिस्प्लेची वाट संशयास्पद आणि कार्डही संशयास्पद. तिन्ही एकत्र असताना काळी स्क्रीन काहीच सांगत नाही. वॉरंटीचे पाच दिवस उरलेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळवा आणि तेही दुसऱ्याच्या पीसीवर. गेमिंग पीसी असलेला मित्र, सायबर कॅफे किंवा पीसी असेंबल करून देणारं दुकान, कुठलंही चालेल. अटी तीन: एसएमपीएस ५५० वॅटचा नावाजलेला, त्यातूनच थेट आलेली ६+२ पिनांची वायर, आणि एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टचा मॉनिटर. दोन तासांचे पैसे मागितले तर द्या. कार्डाच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

कार्ड नेण्याआधी उजेडात नीट बघा. सिरियल नंबरचा फोटो काढा आणि शक्य असेल तर तो बिलावर किंवा निदान विकणाऱ्याच्या मेसेजमध्ये लिहून घ्या. मागच्या बाजूला चिपभोवतीचे चार स्क्रू बघा. त्यांची खाच झिजली असेल तर कार्ड उघडलं गेलंय. हे वाईटच असं नाही, चिप आणि हीटसिंक (उष्णता काढणारी धातूची जाळी) यांच्यामधली पेस्ट बदलण्यासाठीही उघडतात, पण मग कोणी आणि का उघडलं हे विचारायला हवं. चिपच्या आसपास बोर्ड तपकिरी पडला असेल किंवा चिकट पिवळसर डाग असतील तर चिपला गरम हवा देऊन कार्ड तात्पुरतं जिवंत केलेलं असण्याचा संशय घ्या. असं कार्ड काही आठवडे चालतं आणि पुन्हा मरतं. कडेला तेलकट ओल दिसली तर घाबरू नका. थर्मल पॅडमधलं सिलिकॉन तेल सुटतं. त्याने बिघाड होत नाही, फक्त कार्ड बराच काळ गरम चाललंय एवढं कळतं. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर खोल ओरखडा किंवा काळा जळका ठिपका नको. नुसती काळपट झाक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. खोडरबर अगदीच नाइलाज झाला तर वापरा, आणि त्याचा कीस झटकल्याशिवाय कार्ड घालू नका. सोनेरी पट्ट्यांच्या शेवटी जी आकडी असते, तिच्याजवळ बोर्डाला बारीक तडा आहे का तेही बघा. जड कार्ड बसवलेला पीसी आडवा न ठेवता टेम्पोतून नेला की तिथेच तडकतं. पंख्याचं पातं बोटाने हलकं डोलवून पाहा. थोडी हालचाल चालते, खडखड नको.

कार्ड मायनिंगमधलं (क्रिप्टो चलन कमावण्यासाठी रात्रंदिवस चालवलेलं) असेल का, हा प्रश्न हमखास येतो. इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला थांबलं आणि त्यानंतर असली कार्डं बाजारात ढिगाने आली. माझ्या मते मायनिंगला एवढं भिण्याचं कारण नाही. अशा कार्डाचे पंखे आणि थर्मल पॅड दमलेले असतात, ते बदलता येतात. भीती असावी ती मेमरी वर्षानुवर्षं तापलेली असण्याची, आणि ते चाचणीत कळतं.

आता बसवणं. पीसी बंद करून प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेली वीज उतरते. टॉवर आडवा करा. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड उचला. पावसाळ्यात हवा ओली असते, स्टॅटिकचा त्रास कमी. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत सिंथेटिक स्वेटर घालून हे काम करू नका. प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा लांब स्लॉट वापरा. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी बऱ्याच बोर्डांवर त्याला आत चारच लेन (माहिती जाण्या-येण्याच्या वाटा) असतात. मागच्या दोन पट्ट्या काढा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी उघडा, कार्ड सरळ ठेवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. खिट्टीचा टक आवाज आला पाहिजे.

इथे एक चूक इतक्या वेळा होते की थोडं थांबून सांगतो. जुन्या ऑफिस कॅबिनेटचा पत्रा पातळ आणि वाकलेला असतो. कार्ड नीट बसतं, पण मागच्या पट्टीचा स्क्रू आवळला की पट्टी ओढली जाते आणि कार्डाचं आतलं टोक स्लॉटमधून केसभर वर येतं. पंखे फिरतात, कारण वीज स्लॉटच्या पुढच्या भागातून येते. मागच्या लेन मात्र सुटलेल्या असतात. मग कधी डिस्प्ले येतच नाही, कधी येतो पण कार्ड सोळाऐवजी आठ किंवा चार लेनवर चालतं. म्हणून स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा बाजूने टॉर्च मारून बघा: सोनेरी पट्टीची कड स्लॉटला समांतर हवी, एका टोकाला जास्त उघडी नको. तशी असेल तर स्क्रू सैल करा, पत्रा हाताने सरळ करा, पुन्हा बसवा.

स्क्रू झाल्यावर वायर. ग्राफिक्स कार्डाची वायर ६+२ अशी फुटते आणि प्रोसेसरची ४+४ अशी. दोन्ही आठच पिना असल्या तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट आहेत. खाचांचा आकार वेगळा ठेवलेला असतो तो याचसाठी, तेव्हा जोर लावायचा नाही. आणि एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, असेल तर त्याच्याच डब्यातली वायर वापरा. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी. दुसऱ्याची वायर फिट बसते आणि कार्ड पहिल्याच क्षणी जातं.

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला, मदरबोर्डच्या नव्हे. सुरू केल्यावर पंखे थोडं फिरून थांबले तर तो बिघाड नाही. बरीच कार्डं साधारण ५० ते ५५ अंशांपर्यंत पंखे बंदच ठेवतात.

डिस्प्ले आला तर पहिलं काम ओळख पटवण्याचं. जीपीयू-झेड हा छोटा, फुकट प्रोग्राम उघडा आणि हे आकडे जुळवा: चिप जीए१०६, शेडर (चिपमधले गणित करणारे भाग) ३५८४, मेमरी १२ जीबी जीडीडीआर६, मेमरीची बस १९२ बिट, बँडविड्थ (मेमरीचा वेग) ३६० जीबी प्रतिसेकंद. ८ जीबी आणि १२८ बिट दिसलं तर ते ३०६०च आहे, पण कमी दर्जाचं; त्याची बँडविड्थ २४० आहे आणि किंमतही तशीच हवी. ६ जीबी आणि ३८४० शेडर दिसले तर लॅपटॉपची चिप डेस्कटॉप बोर्डावर बसवलेली आहे. शेडर जास्त म्हणजे कार्ड भारी असं समजू नका, ते परत करा. सरळ खोटी कार्डंही असतात, जुन्या चिपवर नवीन नावाचं बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) चढवलेली. २०१८पासून जीपीयू-झेड त्यातली बरीचशी ओळखून नावापुढे ‘फेक’ असं लिहितं. एक खूण तर प्रोग्रामशिवायही दिसते: १०५० टीआय म्हणून विकलेल्या कार्डाला व्हीजीए पोर्ट असेल तर संशय घ्या. त्या पिढीपासून एन्व्हिडियाच्या चिपांमधून अॅनालॉग डिस्प्ले काढूनच टाकला आहे.

त्याच खिडकीत कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या बसची (‘बस इंटरफेस’) ओळ असते. काही काम चालू नसताना तिथे १.१ दिसलं तर बिचकू नका, वीज वाचवण्यासाठी कार्ड वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी चाचणी चालवा, मग खरा आकडा येतो. तुमच्या सहाव्या पिढीच्या बोर्डावर ‘एक्स१६ ३.०’ हवं. कार्ड ४.० असलं तरी बोर्ड ३.०चा आहे, एडिटिंगमध्ये तो फरक जाणवणार नाही. पण ‘एक्स१६’च्या जागी ‘एक्स८’ किंवा ‘एक्स४’ असेल तर वर सांगितलेला पत्र्याचा प्रकार किंवा घाणेरड्या पट्ट्या.

ड्रायव्हर. त्या पीसीत आधी दुसरं कार्ड असेल तर डीडीयू नावाच्या प्रोग्रामने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, आणि तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं. मग एन्व्हिडियाच्या साइटवरून स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ (विंडोजने कार्ड बंद केल्याची खूण) आला तर एकदा हीच साफसफाई पुन्हा करा. स्वच्छ ड्रायव्हरनंतरही तोच कोड राहिला तर बहुतेक कार्डाची मेमरी गेलीय किंवा बायोसमध्ये छेडछाड आहे. दोन्ही कारणं परत करण्याइतकी आहेत.

आता चाचण्या. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण सरळ फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) लावतात आणि दहा मिनिटं कार्ड तगलं की खूश होतात. फरमार्क वीज आणि थंडावा तपासतं, मेमरी फारशी नाही. सेकंडहँड कार्डात आधी मेमरी बघा. ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी किंवा मेमटेस्ट व्हल्कन हा प्रोग्राम, निदान अर्धा तास. इथे चुका शून्यच हव्यात. एक चूक आली तरी कार्ड घेऊ नका. ‘गेम तर चालतो की’ असं विकणारा म्हणेल. गेममध्ये एखादा ठिपका चमकून जातो, तुमच्या एक्स्पोर्टमध्ये मात्र तासाभराच्या कामानंतर एडिटर कोसळतो.

मेमरी पास झाली की युनिजिन हेवन किंवा सुपरपोझिशन ही भाराची चाचणी अर्धा तास, शेजारी तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून. चिपचं तापमान साठ-पासष्टपासून ऐंशीपर्यंत कुठेही असू शकतं. खोलीच्या उकाड्यावर, कॅबिनेटच्या हवेवर आणि कार्डाच्या डिझाइनवर ते ठरतं, म्हणून एकच आकडा देत नाही. एन्व्हिडियाने ३०६०साठी दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे. तिच्या आसपास जाणारं कार्ड स्वतःच वेग कमी करतं. मी स्वतः चिपच्या तापमानापेक्षा चिप आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांच्यातला फरक जास्त बघतो. १० ते १५ अंश ठीक. २५च्या वर असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक एका बाजूला सैल आहे. दुरुस्त होतं, पण भाव कमी करून घ्यायला चांगलं कारण. याच वेळी आठ पिनांच्या इनपुटचा व्होल्टेज बघा. पूर्ण भारावर ११.४च्या खाली जाता कामा नये. तो जात असेल तर दोष एसएमपीएसचा, कार्डाचा नाही. शेवटी फरमार्क दहा-पंधरा मिनिटं. तासन्‌तास नको, त्यातून नवीन काही कळत नाही.

आणखी दोन गोष्टी लोक सोडून देतात. कार्डावरचं प्रत्येक पोर्ट लावून बघा, सगळी डिस्प्ले पोर्ट आणि एचडीएमआय. एकच चालू असेल तर दुसरा मॉनिटर घ्याल तेव्हा कळेल. आणि कार्ड पूर्ण गार असताना निदान तीनदा सुरू करून बघा, शक्य असेल तर रात्रभर ठेवून सकाळी. चिपखालचा बारीक तडा गरम झाल्यावर जुळतो आणि गार झाल्यावर उघडतो. असं कार्ड दुकानात दुपारभर चालतं आणि घरी सकाळी डिस्प्ले देत नाही.

बिघाड दिसला तर तो कुठला, हे लक्षणावरून बरंच कळतं. पूर्ण पीसी फटकन बंद पडला तर एसएमपीएसने किंवा यूपीएसने हात टेकले. स्क्रीन काळी पण पीसी चालू आणि कार्डाचे पंखे एकदम जोरात, तर कार्ड कोसळलं किंवा त्याची वीज तुटली. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्प्ले’ नावाने ४१०१ ही नोंद शोधा. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उठवला, असा तिचा अर्थ. एकदा झालं तर ड्रायव्हर असू शकतो. स्वच्छ ड्रायव्हरवर वारंवार होत असेल तर कार्ड. रंगीत चौकटी किंवा रेघा दिसल्या तर स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्ये रेघा असतील तर त्या कार्डातच तयार होतायत. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक केबल किंवा मॉनिटर. आणि बायोसच्या पडद्यावरच, विंडोज यायच्या आधी चौकटी दिसत असतील तर ड्रायव्हरचा विषयच संपला.

इथवर आलात की निम्मं काम झालं. कार्ड नापास झालं तर चाचणीचा फोटो आणि सिरियल नंबर दाखवून मुदतीत परत करा. पास झालं तर प्रश्न उरतो तुमच्या टॉवरचा, आणि तिथे बरंच काही तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहे.

हिशोब करू. कार्ड १७०, प्रोसेसर ६५, बोर्ड-डिस्क-रॅम-पंखे मिळून ४० ते ५०. झाले २८० वॅट, आणि तुमचा एसएमपीएस २४०चा. जोडणी कितीही नीट केली तरी हे जमत नाही. एन्व्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवतं. पण डब्यावरच्या ५५० या आकड्यावर जाऊ नका, लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर ते ४२च्या पुढे असतात. स्वस्त ‘४५० वॅट’च्या डब्यावर तिथे १५ किंवा १८ दिसतील, १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. तुमच्या जुन्या एसएमपीएसपेक्षाही तो दुबळा.

अडचण अशी की ब्रँडेड टॉवरमध्ये मदरबोर्डचा मुख्य कनेक्टर बऱ्याचदा नेहमीचा २४ पिनांचा नसतो, सहा किंवा आठ पिनांचा कंपनीचा स्वतःचा असतो. त्यासाठी २४ पिनांवरून तो काढणारा अॅडॉप्टर मिळतो, पण नेमक्या त्याच मॉडेलचा हवा. दिसायला सारखे असूनही पिनांची मांडणी वेगळी असू शकते. एसएमपीएसचा आकारही बघा, काही टॉवरमध्ये नेहमीचा एटीएक्स बसतच नाही. मग लांबी: मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या जाळीपर्यंत मोजपट्टी लावा. दोन पंख्यांची ३०६० साधारण २०० ते २४५ मिलिमीटर असते आणि जाडीला दोन स्लॉट घेते. तुमचं कार्ड आत बसलंय म्हणजे लांबी पुरली, पण वायर कार्डाच्या वरून वळून झाकण बंद होतं का तेही पाहा. वायर दाबून झाकण लावू नका.

काळ्या स्क्रीनची दुसरी शक्यता तुमचा व्हीजीए मॉनिटर. कार्ड घातलं की बरेच ऑफिस बोर्ड स्वतःचा डिस्प्ले बंद करतात, म्हणून मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला लावलेला असेल तर सगळं ठणठणीत असूनही स्क्रीन काळी राहते. कार्डाला व्हीजीए नाही. आत चिप नसलेल्या एचडीएमआय-व्हीजीए केबलने काहीही दिसत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तोही बायोसच्या वेळी कधी दगा देतो, तेव्हा पहिल्यांदा एखाद्याचा टीव्ही किंवा एचडीएमआय मॉनिटर लावूनच बघा. त्यानंतर मदरबोर्डचा बायोस: कार्ड काढून बोर्डाच्या डिस्प्लेवर आत जा, प्राथमिक डिस्प्ले ‘ऑटो’ किंवा ‘पीईजी’ (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) करा आणि बायोसची नवीन आवृत्ती असेल तर चढवा. काहीच बदल होत नसेल तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतो. एवढ्या जुन्या टॉवरमध्ये तो नवीनच घातलेला बरा.

अॅडॉप्टर, एसएमपीएस, कन्व्हर्टर या सगळ्याची बेरीज करून बघा. ती फार होत असेल तर माझं मत सरळ आहे: विकणारा तयार असेल तर ३०६० परत करून वेगळा कनेक्टर न लागणारं कार्ड घ्या. आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटची आहे, स्लॉटच्याच विजेवर चालते आणि तुमच्या २४० वॅटमध्ये बसते. फक्त तुमचा टॉवर स्लॉटला पूर्ण ७५ वॅट देतो का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा, काही छोट्या ऑफिस पीसीत तो कमी ठेवलेला असतो. फुल एचडी लग्नाच्या कामाला ते पुरतं. ४के आणि जड कलर करेक्शन करणार असाल तरच १२ जीबीसाठी खर्च करा. जीटी १०३० घेऊ नका, त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. १०५० टीआयलाही आता उशीर झाला. त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले, २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे येणार आहेत.

३०६०च ठेवणार असाल तर विजेचं बघा. निपाणी, चिकोडी, अथणी या ऊसपट्ट्यात शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतो, आणि हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) करंट गेला-आला की झटका वेगळाच. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. तुमचा पीसी पूर्ण भारावर भिंतीतून ३३० ते ३५० ओढेल, वर मॉनिटर. एक्स्पोर्ट चालू असताना करंट गेला की हा यूपीएस त्याच क्षणी ट्रिप होणार. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थिंग नसलेल्या घरात डिश किंवा केबलला जोडलेला टीव्ही चालू स्थितीत एचडीएमआयने कार्डाला लावला की पोर्ट जळतं. आधी दोन्हींचे प्लग काढा, मग केबल जोडा.

धुळीचं गणित गावागणिक बदलतं. निपाणीत वखारीजवळ राहत असाल तर तंबाखूची बारीक धूळ हीटसिंकच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) बसते, दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने काढा. बेळगावात वडगाव-खासबागकडे मागाचा कापूस हीटसिंकच्या तोंडावर जाळी धरतो; ते त्रासदायक, पण सहज निघतं. सर्वांत वाईट उद्यमबाग-मच्छेकडची फाउंड्रीची काळी धूळ. तिच्यात लोखंडाचा अंश असतो, ती वीज वाहून नेऊ शकते. ती फुंकरीने आत ढकलू नका, कार्ड बाहेर काढून ब्रश आणि अल्कोहोलने साफ करा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल येतं. ब्लोअर वापरताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चालू केला की ओल धरत नाही. पावसात कुरियरने आलेलं कार्ड खोक्यातून काढून चार-पाच तास खोलीत ठेवा, मगच वीज द्या.

टॉवरच्या मॉडेलचं नाव, एसएमपीएसच्या लेबलचा आणि मदरबोर्डच्या मुख्य कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो पाठवलात तर कोणता अॅडॉप्टर लागेल आणि एटीएक्स आत बसेल का, हे सांगता येईल. तोवर कार्ड चांगल्या एसएमपीएसवर तपासून घ्या, आणि मेमरीच्या चाचणीत काय आलं तेही कळवा.